घरच्या वर्कशॉपमध्ये पहिली स्टील सायकल फ्रेम: लग, चांदी आणि कानस

सायकलची फ्रेम घरी बांधता येते. त्यासाठी लेथ, मिलिंग मशीन किंवा महागडं जिग (नळ्या नेमक्या जागी पकडून ठेवणारा सांगाडा) लागत नाही. चांगली कानस, चांगला शिकंजा, ताब्यात राहणारी ज्योत आणि बऱ्याच सुट्ट्यांचे दिवस एवढं हवं. फ्रेमचा दर्जा ठरतो तो टॉर्च पेटवण्याआधी. नळीचं तोंड समोरच्या नळीवर किती नेमकं बसतं, यावर पुढचं सगळं अवलंबून असतं. म्हणून या लेखात कानसकामाला आणि सरावाच्या जोडांना मोठी जागा दिली आहे.

पहिल्या फ्रेमसाठी आमचा सल्ला असा: साहित्य क्रोमोली स्टील (४१३०) आणि जोड लगवाले. लग म्हणजे नळ्या ज्यात सरकवतात ते कोरीव सांधे. जुन्या काळ्या रोडस्टर सायकलीच्या हँडलखाली बघितलं की कळेल. लग दोन्ही नळ्यांना कवेत घेतो, त्यामुळे नवशिक्याच्या हातूनही जोड मजबूत होऊ शकतो. टीआयजी वेल्डिंगचं, म्हणजे विजेच्या ठिणगीने नळ्यांचाच धातू वितळवून जोडण्याचं, तसं नाही. ०.६ ते ०.९ मिमी जाडीच्या नळीला भोक पाडायला अर्धा सेकंद पुरतो. ॲल्युमिनियमला वेल्डिंगनंतर भट्टीत उष्णतेचा उपचार द्यावा लागतो, तेव्हा ते घरी करायचं काम नाही.

आणि पुढचा चिमटा, म्हणजे फोर्क, पहिल्या वेळी तयार विकत घ्या. फ्रेमचा जोड सैल पडला तर बहुधा आधी तडा दिसतो, कुरकुर ऐकू येते. फोर्क तुटला तर सावरायला वेळच मिळत नाही.

आधी नकाशा, मग खरेदी

आधी कागदावर पूर्ण मापाचं, म्हणजे एकास एक प्रमाणाचं चित्र काढा. बाइककॅडसारख्या प्रोग्रॅमवर आकडे बसवून घ्या. पण शेवटी प्लायवूडच्या किंवा एमडीएफच्या अख्ख्या शीटवर पेन्सिलीने खऱ्या मापात रेषा माराव्याच. कापलेली नळी त्या रेषेवर ठेवून बघितली की चूक लगेच दिसते.

आधी नावं: हँडलखालची आखूड नळी हेड ट्यूब, सीटखालची सीट ट्यूब, या दोघींना वरून जोडणारी टॉप ट्यूब आणि खालून तिरकी येणारी डाउन ट्यूब. पेडलचा आस फिरतो तो बॉटम ब्रॅकेट, आणि तो ज्यात बसतो ते नळकांडं म्हणजे शेल. तिथून मागच्या आसापर्यंत जातात ते चेन स्टे, सीटखालून आसापर्यंत येतात ते सीट स्टे, आणि मागचं चाक ज्या खाचेत अडकतं ते ड्रॉपआउट. मध्यम उंचीच्या माणसाच्या रोजच्या आणि लांब पल्ल्याच्या सायकलीसाठी सुरुवातीचे आकडे असे धरता येतील: टॉप ट्यूब आडवी, मध्यापासून मध्यापर्यंत ५५० मिमी. सीटचा कोन ७३°, हेडचा ७२°, चेन स्टे ४३० मिमी. बॉटम ब्रॅकेट चाकांच्या आसांच्या रेषेपेक्षा ७० मिमी खाली. ७०० सी (रोड सायकलीचं नेहमीचं माप) चाकावर ३२ मिमीचा टायर धरला तर चाकाची त्रिज्या साधारण ३४३ मिमी, म्हणजे बॉटम ब्रॅकेट जमिनीपासून २७३ मिमी वर येतो. फोर्कचा ऑफसेट (हेड ट्यूबच्या रेषेपासून चाकाचा आस किती पुढे आहे ते) ५० मिमी असेल तर ट्रेल (ती रेषा जमिनीला टेकते तिथून टायर टेकण्याची जागा किती मागे आहे ते) सुमारे ५९ मिमी निघतो. अशी सायकल सरळ चालते आणि वळणावर जडही वाटत नाही. तुमच्या अंगाला बसणारी सायकल आधीच असेल तर बॉटम ब्रॅकेट, सीट आणि हँडल यांची एकमेकांपासूनची जागा तिच्यावरून मोजून घ्या. अंदाजाने काढलेल्या मापापेक्षा हे माप खात्रीचं.

फोर्क हातात आल्याशिवाय नकाशा पक्का करू नका. आसापासून क्राउनपर्यंतची, म्हणजे फोर्कचे दोन पाय वर एकत्र येतात तिथपर्यंतची, त्याची उंची मोजा. ही उंची नकाशापेक्षा १० मिमीने जरी वेगळी निघाली तरी हेडचा आणि सीटचा असे दोन्ही कोन साधारण अर्ध्या अंशाने बदलतात. पायाची बोटं पुढच्या चाकाला लागू नयेत म्हणून बॉटम ब्रॅकेटपासून पुढच्या आसापर्यंत निदान ५९० ते ६०० मिमी अंतर राहील हेही बघा.

लग आधी निवडायचे आणि कोन त्यांना जुळवायचे. ओतीव लगचा कोन ठरलेला असतो. त्यात एखाद अंशाचा फरक चालतो, तीन अंशांचा नाही. आजच्या सोयीचा संच असा: टॉप ट्यूब २८.६ मिमी, डाउन ट्यूब ३१.८ मिमी, सीट ट्यूब २८.६ मिमी, हेड ट्यूब ३६ मिमीच्या आसपास (२८.६ मिमी स्टिअररसाठी, म्हणजे फोर्कच्या वर जाणाऱ्या नळीसाठी). बॉटम ब्रॅकेट शेल ६८ मिमी रुंद, बीएसए (इंग्लिश मापाच्या) आट्यांचा. लग, शेल आणि नळ्या एकाच मापाच्या आहेत ना, हे पैसे भरण्याआधी तपासा. २५.४ आणि २८.६ ची जुनी मापंही बाजारात असतात आणि ती यात बसत नाहीत.

नळ्या बटेड घ्या, म्हणजे टोकांना जाड आणि मध्ये पातळ. पहिल्या वेळी ०.९/०.६/०.९ मिमी योग्य. त्याहून पातळ नळी ज्योतीखाली लवकर तापते आणि कानशीची चूकही सोसत नाही. सीट ट्यूब बहुधा एकाच टोकाला जाड असते. ते टोक खाली, बॉटम ब्रॅकेटकडे. वरचं टोक ०.६ मिमी जाडीचं राहिलं तरच आतला व्यास २७.४ मिमी मिळतो आणि २७.२ ची सीटपोस्ट बसते. नळी उलटी लागली तर पोस्ट शिरत नाही, आणि हे कळतं तेव्हा जोड झालेला असतो. म्हणून नळ्या आल्या की पहिल्या दिवशी व्हर्नियरने टोकं मोजा आणि मार्करने खूण करा.

बर्मिंगहॅमची रेनॉल्ड्स आणि इटलीची कोलंबस या जुन्या कंपन्यांच्या नळ्या मागवता येतात. त्यावर वाहतूक आणि कस्टम ड्युटी पडते, ती हिशोबात धरा. सरावासाठी मात्र हा खर्च करू नका. कुठल्याही पाइपवाल्याकडे मिळणारा १ इंची, १८ गेजचा काळा ईआरडब्ल्यू (पत्रा वळवून शिवण वेल्ड केलेला) पाइप सहा मीटर आणा. जाडी १.२ मिमी असते, ती सरावाला बरी. नळकामाचा जीआय पाइप घेऊ नका. त्यावर जस्ताचा थर असतो, तो जळून जो पांढरा धूर निघतो त्याने त्या रात्री थंडी वाजून ताप येतो.

हत्यारं आणि जागा

घट्ट बसवलेला ४ किंवा ५ इंची शिकंजा. २४ आणि ३२ दात्यांची हॅक्सॉ पानं. १० इंची अर्धगोल कानस, एक खरबरीत आणि एक मऊ. गोल कानस, व्हर्नियर, कोनमापक, पंच, ड्रिल, ८० आणि १२० नंबरचा एमरी कापड. नळी शिकंजात थेट धरायची नाही, चेपते. सागवानाचा ठोकळा घ्या, त्यात नळीच्या मापाचं आरपार भोक पाडा आणि भोकाच्या मधून ठोकळा उभा चिरा. या दोन फाकांत धरलेली नळी हलत नाही आणि तिला डागही पडत नाही. नळीच्या प्रत्येक मापाला वेगळी जोडी लागते.

सपाटीसाठी ग्रॅनाइटवाल्याच्या अंगणातला किचन ओट्याचा उरलेला तुकडा चालतो. दोन फूट बाय तीन फूट, जाडी मिळेल तितकी जास्त. तो मशीनवर तासलेला नसतो, म्हणून स्टीलची सरळ पट्टी आडवी, उभी आणि तिरकी ठेवून खालून उजेड दिसतो का बघा. सगळ्यात सपाट भागाला खूण करा आणि माप तिथेच घ्या.

गॅससाठी ऑक्सिजन आणि एलपीजी ही जोडी घरच्या कामाला पुरते. ॲसिटिलीनची ज्योत जास्त तीव्र असते, नवख्या हातात तेवढी लागत नाही. स्वयंपाकाचं १४.२ किलोचं घरगुती सिलिंडर या कामाला वापरायला परवानगी नाही, व्यावसायिक सिलिंडर घ्या. एलपीजीला नोझलही त्याचीच लागते, ॲसिटिलीनची चालत नाही. गॅसच्या दोन्ही नळ्यांवर फ्लॅशबॅक अरेस्टर (ज्योत नळीत मागे शिरू न देणारी झडप) लावलाच पाहिजे. ऑक्सिजनचं काळं सिलिंडर उभं ठेवून भिंतीला साखळीने बांधा. त्याच्या रेग्युलेटरला तेलाचा किंवा ग्रीसचा हात कधी लावू नका, दाबाखालचा ऑक्सिजन तेलाला स्वतःच पेटवतो. बंद फ्लॅटमध्ये हे काम करू नये. शेड, अंगण किंवा दोन्हीकडून उघडं गॅरेज हवं, आणि हाताशी अग्निशामक. डोळ्यांना गॅस वेल्डिंगचा ३ ते ५ नंबरचा चष्मा लावा, उन्हाचा गॉगल पुरत नाही.

नळीचं तोंड कोरणं

एक नळी दुसरीवर बसवायची तर तिचं टोक दुसरीच्या गोलाईत बसेल असं कोरावं लागतं. याला माइटर म्हणतात. लग वरून झाकतो म्हणून माइटर ढिला चालेल असं वाटतं, पण तसं नसतं. आत नळी नळीला टेकली नाही तर सगळा भार एकट्या लगवर आणि चांदीच्या पातळ थरावर येतो.

कागदी साचा वापरा. माइटरचे साचे छापून देणारे मोफत प्रोग्रॅम आहेत. छापल्यावर साच्याची रुंदी मोजा: २८.६ च्या नळीला घेर ८९.८ मिमी, ३१.८ ला ९९.९ मिमी. प्रिंटरने जरा लहान-मोठं केलं असेल तर इथेच समजतं. आणखी एक पडताळा: २८.६ ची नळी ३६ च्या हेड ट्यूबवर काटकोनात बसवली तर खोबणीची खोली ७ मिमी येते.

कापण्याआधी नळीवर लांबीची सरळ रेषा मारायची. त्यासाठी एल आकाराचा लोखंडी अँगल नळीवर पालथा ठेवा, तो आपोआप नळीला समांतर बसतो. त्याच्या कडेने रेषा ओढा. ही रेषा दोन्ही टोकांच्या साच्यांना जोडते. टॉप ट्यूबची दोन्ही टोकं अचूक कोरली पण एकमेकांच्या मानाने दोन अंश फिरली, तर हेड ट्यूब सीट ट्यूबशी पीळ घेऊन बसते. अशा फ्रेमची दोन्ही चाकं एका पातळीत येत नाहीत आणि नंतर ते सुधारतही नाही.

मग क्रम असा. आधी एक टोक कोरून पूर्ण करा. तिथून माप घेऊन दुसऱ्या टोकाची खूण करा आणि रेषेपासून १ मिमी जास्त ठेवून हॅक्सॉने कापा. अर्धगोल कानशीने रेषेपर्यंत या. कानस पुढे ढकलताना थोडी फिरवत न्या, नाहीतर खोबणीत पायरी पडते. शेवटचा अर्धा मिलिमीटर मऊ कानशीने. दर चार-पाच घासांनंतर नळी समोरच्या नळीवर टेकवून उजेडाकडे धरा. उजेडाची रेघ केसापेक्षा जाड दिसली तर काम बाकी आहे. जास्त घासलं गेलं तर नळी आखूड होते. म्हणून पहिल्यांदा टॉप ट्यूब कोरा, कारण ती ३ मिमीने आखूड झाली तरी नकाशा थोडा बदलून निभावतं. डाउन ट्यूब सगळ्यात शेवटी घ्या. तिची लांबी बाकी तिघींनी ठरवलेली असते.

सगळ्या कडांची आतली-बाहेरची बूर काढा. लग नळीवर हाताने दाबून सरकला पाहिजे. ठोकावा लागला तर चांदी आत शिरायला जागा नाही. डुगडुगला तर फट जास्त आहे. चांदीला ०.०५ ते ०.१२ मिमीची फट हवी.

डाग देणं

तुटलेल्या साखळीला सोनार डाग देतो तेच तत्त्व इथे आहे. मूळ धातू वितळवायचा नाही, तो तापवून त्याच्या फटीत दुसरा धातू ओढून घ्यायचा. फ्रेमच्या कामात असे दोन धातू वापरतात. ५६ टक्के चांदीची काडी ६५० °से. च्या आसपास पूर्ण वितळते आणि पाण्यासारखी पळते, लगला ती उत्तम. पितळी काडीला ८७० ते ९०० °से. लागतात, पण ती मोठी फट भरते. म्हणून मागच्या ड्रॉपआउटना पितळ आणि लगना चांदी, अशी विभागणी करा. दोन्हींचा फ्लक्स (तापलेला धातू काळा पडू न देणारी पेस्ट किंवा पूड) वेगळा असतो, चांदीचा फ्लक्स पितळाच्या तापमानाला जळून जातो. चांदीची काडी घेताना कॅडमियममुक्त असल्याची खात्री करा. कॅडमियम असलेल्या काड्या अजून बाजारात मिळतात आणि त्यांचा धूर फुप्फुसांना जीवघेणा ठरू शकतो. एका फ्रेमला १.५ मिमीच्या काडीचे ५० ते ६० ग्रॅम धरा. सरावाची काडी वेगळी घ्या.

जोडाचे भाग आत-बाहेर एमरीने चमकेपर्यंत घासा, ॲसिटोनने पुसा आणि ॲसिटोन पूर्ण उडू द्या. क्लोरीन असलेला ब्रेक क्लीनर वापरू नका, तापल्यावर त्याचा विषारी वायू होतो. पुसल्यानंतर उघड्या बोटांनी त्या जागेला हात लावू नका. फ्लक्सची पेस्ट नळीच्या बाहेर, लगच्या आत आणि जोडाभोवती दोन-तीन सेंटिमीटर लावा. कंजुषी नको.

ज्योत किंचित जास्त गॅसची, मऊ ठेवा. सतत फिरवत राहा. आधी नळी कोमट करा, मग उष्णतेचा मोठा भाग लगच्या जाड भागाला द्या. फ्लक्स आधी पाणी सोडून फसफसतो, मग पांढरा पडतो आणि ६०० °से. च्या सुमारास काचेसारखा पारदर्शक, ओला दिसू लागतो. तेव्हा काडी लगच्या कडेला टेकवा. काडी ज्योतीने वितळवायची नाही, ती तापलेल्या स्टीलला टेकून वितळली पाहिजे. चांदी उष्णतेच्या मागे धावते. एका कडेला भरवायची आणि ज्योत विरुद्ध कडेकडे नेत तिला लगच्या आतून तिकडे ओढायची. पलीकडच्या कडेला बारीक चांदीची रेघ उमटली की जोड भरला.

बिघडतं ते बहुतेक तीन प्रकारांनी. चांदीचा गोळा होऊन ती वरच बसली तर जागा पुरेशी तापलेली नाही किंवा मळलेली आहे. फ्लक्स काळा पडला तर तो संपला आहे. तिथे आणखी चांदी ओतून काही होत नाही. थंड करा, फ्लक्स धुवा, पुन्हा घासा आणि नव्याने सुरू करा. आणि स्टील नारिंगी होईपर्यंत तापलं तर चांदीच्या जोडाला ते फार झालं. मंद लाल दिसलं की ज्योत मागे घ्या.

आता सराव. खऱ्या नळीला हात लावण्याआधी निदान आठ-दहा जोड करा. प्रत्येक जोड हॅक्सॉने उभा चिरा आणि आतला थर बघा. काळे ठिपके म्हणजे फ्लक्स अडकला, कोरडी जागा म्हणजे चांदी पोहोचली नाही. शेवटचे दोन जोड न चिरता शिकंजात धरा आणि लांब पाइप घालून वाकवा. नळी लगच्या शेजारी चुरमडली पाहिजे, जोड उघडता कामा नये. सलग तीन जोड असे निघाले की खऱ्या फ्रेमकडे वळा.

जुळवणी

बाटलीच्या पिंजऱ्याचे बॉस (स्क्रू बसायचे आटेदार तुकडे; एम५, दोन भोकांत ६४ मिमी) नळ्या सुट्या असतानाच बसवा. प्रत्येक बंद नळीला ३ मिमीचं श्वासाचं भोक जोडाच्या आत कुठेतरी हवं. चेन स्टे, सीट स्टे आणि ब्रिजच्या (दोन स्टेंना आडवं जोडणाऱ्या) नळ्यांना तर हवंच. कोंडलेली हवा तापून फुगते आणि वितळलेली चांदी बाहेर फेकते.

पहिला जोड सीट ट्यूब आणि बॉटम ब्रॅकेट शेलचा. शेलची उजवी बाजू, जिकडे चेन येते, तिचे आटे डावे असतात. शेल उलटा लागला तर फ्रेम वाया जाते, म्हणून उजव्या तोंडावर पंचाने खूण करा. शेल जाड आणि जड आहे, त्याला तापायला बाकी लगच्या दुप्पट वेळ लागतो. घाई केली की नळी जळते आणि शेल थंडच राहतो. डाग देताना दोन्ही बाजू आळीपाळीने घ्या, कारण जी बाजू शेवटी थंड होते तिकडे नळी ओढली जाते. थंड झाल्यावर शेलचं तोंड ग्रॅनाइटवर टेकवा आणि नळीची दोन टोकांची उंची मोजा. फरक अर्ध्या मिलिमीटरच्या आत हवा. थोडा जास्त असेल तर लाकडी फाकांत धरून हाताने वाकवून आणता येतो, स्टील एवढं सोसतं.

मग हेड ट्यूब आणि डाउन ट्यूब, आणि नंतर टॉप ट्यूब घालून पुढचा त्रिकोण. जिग नसेल तर नकाशावर ठेवून, कोन तपासून प्रत्येक लगला आरपार २ मिमीचं भोक पाडा आणि त्यात खिळा ठोका. खिळ्याने जोड जागेवर राहतो. डाग दिल्यावर तो कानशीने सपाट करा. ही जुनी पद्धत आहे आणि घरी सगळ्यात खात्रीची.

मागच्या बाजूला ड्रॉपआउट आधी चेन स्टेला पितळाने जोडून घ्या. आसाच्या जागी १० मिमीचा आटेदार रॉड आणि चार नट लावून आतलं अंतर १३० मिमीवर पक्कं करा (रिम ब्रेकच्या रोड हबसाठी). चेन स्टे शेलमध्ये घालून खरं, ट्रू केलेलं (न लचकता सरळ फिरणारं) चाक बसवा. टायरच्या दोन्ही बाजूंना निदान ६ मिमी मोकळं राहायला हवं. कमी पडलं तर स्टेला आधीच चेपून घ्यावं लागतं, नंतर जमत नाही. चाक उलटं फिरवून पुन्हा बसवा. दोन्ही वेळा ते सीट ट्यूबच्या त्याच बाजूला झुकलं तर फ्रेम तिरकी आहे. बाजू बदलली तर दोष चाकात आहे.

दोऱ्याची परीक्षाही करा. एका ड्रॉपआउटपासून दोरा हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत ताणा आणि सीट ट्यूबपासून दोन्हीकडचं अंतर मोजा. १ मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर सीट स्टे लावण्याआधीच दुरुस्त करा, सीट स्टे लागल्यावर मागचा भाग सहज वाकत नाही. ब्रेक ब्रिजची जागा मोजपट्टीने ठरवू नका. चाक आणि कॅलिपर प्रत्यक्ष लावून, ब्रेकचे पॅड रिमच्या मधोमध येतील तिथे खूण करा. ४७ ते ५७ मिमी रीचचा (बोल्टपासून पॅडपर्यंतच्या अंतराचा) कॅलिपर ३२ च्या टायरला सोयीचा.

शेवटची कामं

चांदीचा फ्लक्स गरम पाण्यात अर्धा तास भिजवला की निघतो. पितळाचा काचेसारखा होतो, त्याला रात्रभर लागू शकते. फ्लक्स पूर्ण काढाच. राहिला तर रंगाखाली ओल धरतो आणि गंज लागतो, शिवाय कोरडी राहिलेली फटही तोच झाकून ठेवतो.

सीट ट्यूबच्या मागे चीर पाडताना आधी तिच्या खालच्या टोकाला ५ मिमीचं भोक पाडा, म्हणजे तडा पुढे सरकत नाही. चीर पाडायला हॅक्सॉला दोन पानं एकत्र लावा. बॉटम ब्रॅकेटचे आटे साफ करणं, हेड ट्यूब आतून रीम करून (खरवडून नेमक्या मापाची करून) दोन्ही तोंडं समांतर करणं, या कामांची हत्यारं महाग असतात आणि वर्षातून एकदा लागतात. चांगल्या सायकल दुकानात किंवा ही हत्यारं असलेल्या कारागिराकडे करून घ्या. हेडसेटच्या (फोर्क ज्यावर फिरतो त्या बेअरिंगच्या) ३४ मिमीच्या कपाला भोक ३३.९५ च्या आसपास लागतं, ते कानशीने होणार नाही.

शेलच्या तळाला पाणी निथळायला ५ मिमीचं भोक ठेवा. पावडर कोटिंगची भट्टी २०० °से. पर्यंत जाते, चांदीच्या जोडाला त्याचा धोका नाही. रंग झाल्यावर उकळलेलं जवसाचं तेल नळ्यांच्या आत ओतून फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवा, जास्तीचं गाळून दोन-तीन दिवस सुकू द्या. कोकणात आणि गोव्यात खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस नळीला आतून खातो, तिथे हे तेल दर दोन वर्षांनी पुन्हा फिरवा. तेलाचे चिंध्या-बोळे गोळा करून ठेवू नका, ते आपोआप पेटतात. पाण्यात बुडवून मग टाका.

शक्य असेल तर रंगाआधीच फ्रेम जोडून ५० किलोमीटर चालवा, गर्दीच्या रस्त्यापासून दूर. मग सगळे लग पुसून भिंगाने बघा. सगळ्यात जास्त ताण हेड ट्यूबच्या खालच्या लगच्या टोकाशी, डाउन ट्यूबच्या पोटाखाली येतो. तिथे केसासारखी रेघ दिसली तर सायकल चालवणं थांबवा आणि तो जोड कापून बघा. काही दिसलं नाही तर रंग द्या आणि ५०० किलोमीटरनंतर त्याच जागा पुन्हा तपासा.